फोलिक आम्लाची साठ वर्षे

लूसी विल्स या इंग्लंडमधील डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचे कारण त्यांना शोधायचे होते. कापडगिरण्यांतील गरीब कामगार बायकांमध्ये तो फार दिसे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या. रोगजंतू काही सापडेना, तेव्हा विल्सबाईंनी बायकांच्या ताटात डोकावून पाहिले. तसलेच निकृष्ट अन्न माकडांना दिल्यावर त्यांनाही पांडुरोग झाला, आणि मार्माइटने तो बरा झाला. मार्माइट म्हणजे बिअर करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क; इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. रोगी स्त्रियांनाही त्याने गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या अनोळखी पदार्थाला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ मध्ये टेक्सस विद्यापीठात चार टन पालकातून एक आम्ल वेगळे काढण्यात आले. लॅटिनमधील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल. पुढे चार-पाच वर्षांतच लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पांडुरोगाचा प्रश्न सुटला. पण हाच पदार्थ गर्भाच्या घडणीतही लागतो, हे कळायला फार वेळ लागला.

मज्जारज्जूची आकृती आपण फळ्यावर काढतो. गर्भात त्याची सुरुवात एका सपाट पट्टीने होते. पट्टीच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. तिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत ही मज्जानलिका बंद व्हावी लागते. वरचे टोक उघडे राहिले, तर मेंदू व कवटी पूर्ण घडत नाहीत आणि असे मूल जगत नाही. खाली फट राहिली, तर पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही. भारतातील पाहण्या एकत्र केल्या, तर हजार जन्मांमागे सुमारे चार मुलांत असे दोष आढळतात.

अशी मुले झालेल्या मातांमध्ये फोलिक आम्लाची कमतरता असावी, असा संशय लिव्हरपूलच्या हिबार्ड व स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये मांडला. स्मिथेल्स यांनी पुढे असे एक मूल आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून जीवनसत्त्वे दिली. १९८० मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत १७८ पैकी १ बाधित, न घेणाऱ्यांत २६० पैकी १३. पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. स्मिथेल्स यांना तसे करायचे होते. निम्म्या बायकांना खोटी गोळी द्यायला नीतिसमित्यांनीच नकार दिला. हेतू दयेचा होता, परिणाम उलटा झाला. शंका उरली, वाद वाढला, आणि तोच प्रयोग अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला सात देशांत करावा लागला. १९९१ मध्ये तो मुदतीआधी थांबवला गेला, कारण उत्तर मिळाले होते: दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली होती. पहिल्या खेपेचे दोषही टळतात, हे हंगेरीत चाइझेल यांनी १९९२ मध्ये दाखवले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात हे आम्ल मिसळणे सक्तीचे केले.

पीठच का, गोळी का नाही? पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत नळीचे काम बहुधा आटोपलेले असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल गर्भधारणेच्या आधीपासून लागते. पूर्वी बाधित मूल झाले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या दसपट.

शाळेत आपण मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतो, तिच्यात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. म्हणजे एका दिवसाच्या गरजेहून थोडे जास्त, आणि तेही आठवड्यासाठी. ती गोळी पांडुरोगासाठी आहे, विल्सबाईंच्या रोग्यांसारखी. लग्नानंतर त्याच मुलीला रोजची वेगळी गोळी लागेल, दिवस जाण्यापूर्वी. आणि ते तिला सांगणारे माणूस तोवर बहुधा भेटलेले नसते.