राज्य गेल्यानंतरचा राजा

हातातले काम गेले म्हणजे माणसाचे केवळ उत्पन्न जात नाही, दिवसाचा आकारही जातो. सकाळी उठून करावयाचे काय, हा प्रश्न कचेरीतून मोकळ्या झालेल्या कारकुनाला पडतो, तसा राजालाही पडू शकतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांपुढे तो २५ ऑक्टोबर १७९९ रोजी उभा राहिला. त्या दिवशीच्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तो किल्ला, त्याच्या लगतचा थोडा मुलूख, दरसाल एक लाख होन आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात स्थापिलेले मराठी राज्य नावापुरते उरले. राजांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

या गादीसाठी त्यांनी थोडे सोसले नव्हते. तुळजाजीराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले; परंतु गादी गेली ती तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे. अल्पवयीन सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन पाद्रीने केला आणि पुढे सुरक्षिततेसाठी त्यांना मद्रासला नेण्यात आले. १७९८ साली कंपनीच्या पाठिंब्याने गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यातला प्राण निघून गेला. मिळालेल्या साहाय्याची किंमत ती हीच.

पुढे अशीच अवस्था पेशव्यांच्याही वाट्यास आली. दुसरे बाजीराव १८१८ नंतर आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास राहिले आणि स्नानसंध्या व दानधर्म यांत त्यांचा काळ गेला. सरफोजींनी निराळी वाट धरली. श्वार्ट्झच्या सहवासात लागलेली ज्ञानाची गोडी त्यांना येथे उपयोगी पडली. जे छंद राजकारणाच्या धकाधकीत फावल्या वेळेपुरते उरले असते, तेच त्यांनी दिवसभराचे काम म्हणून स्वीकारले.

यांतले पहिले काम ग्रंथसंग्रहाचे. नायक राजांच्या काळापासून वाड्यात हस्तलिखितांचा संग्रह होता. सरफोजींनी तो इतका वाढविला की, सरस्वती महाल हे नाव आज त्यांच्याच नावाशी जोडले जाते. १८२० साली ते मोठा परिवार घेऊन काशीयात्रेस निघाले. यात्रेकरू गंगाजल आणतात. राजांनी त्याबरोबर संस्कृत पोथ्याही आणविल्या. युरोपातून मागविलेल्या अनेक पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा लॅव्हॉयझिए आणि लिनिअस यांचे दाखले सहज देणारा हा हिंदी राजा पाहून तो चकित झाला.

दुसरे काम वैद्यकाचे. धन्वंतरी महालात देशी औषधांची पारख चाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात आणि त्या कागदांपैकी काही आजही सरस्वती महालात पाहावयास मिळतात. केवळ मनोरंजनासाठी छंद करणारा माणूस अशी टिपणे ठेवीत नाही.

तिसरे काम मायबोलीचे. तमिळ देशाच्या मध्यभागी राहून राजांनी मराठी सोडली नाही. १८०३ साली त्यांनी भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला. १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि त्यात इसापच्या गोष्टींचे ‘बाळबोध मुक्तावळी’ हे मराठी भाषांतर छापविले. मुंबई-पुण्याकडे मराठी छपाई रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या आपल्या मराठी नाटकात तर त्यांनी भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल सांगितला. ज्याच्या राज्याची हद्द किल्ल्याच्या आसपास संपत होती, त्याने रंगभूमीवर सगळे जग मांडावे, यातले दुःख आणि धैर्य दोन्ही लक्षात घेण्याजोगे आहे.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. हा सर्व खर्च अखेर कावेरीकाठच्या भातशेतीच्या वसुलातून येत होता आणि त्या शेतकऱ्यावरचा अधिकार राजांकडे उरला नव्हता. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकिनारी ‘मनोरा’ नावाची इमारत उभारली. ज्या सत्तेने आपले राज्य घेतले, तिच्याच विजयाचे हे स्मारक होय. विद्येने त्यांना स्वातंत्र्य परत दिले नाही. तशी अपेक्षाही रास्त नव्हे. विद्येने दिला तो स्वाभिमान, आणि पुढच्यांसाठी ठेवा.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली पुरुषवारस न ठेवता वारले आणि कंपनीने संस्थानाचे उरलेसुरले नावही पुसले. एक लाख होन गेले, पाचवा हिस्सा गेला, दरबारही गेला. ग्रंथ मात्र राहिले. १९१८ पासून सरस्वती महाल सर्वांसाठी खुला आहे. मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांचे अभ्यासक तेथे येऊन पोथ्या उलगडतात. कारभार असता तर सरफोजींनी काय केले असते, हे इतिहासाला सांगता येत नाही. कारभार नसताना त्यांनी जे केले, ते मात्र तंजावरच्या वाड्यात अजून पाहता येते.