गंजलेला स्क्रू आणि अडीचशे वर्षे

पूल कोणी बांधला, पुतळा कोणी उभारला, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडते. पन्नास-शंभर वर्षांनी त्याचे नटबोल्ट कोणी आणि कसे सोडवले, हे मात्र सहसा सापडत नाही. बेलव्ह्यूला राहायला लागल्यापासून मला हा दुसरा प्रश्न जास्त पडू लागला आहे.

बेलव्ह्यू हे सिॲटलच्या समोर, लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावरचे गाव. १९४० साली तलावावर तरंगता पूल झाला आणि महायुद्धानंतर इथल्या शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहू लागल्या. ३१ मार्च १९५३ रोजी गावाची शहर म्हणून नोंद झाली, १९५५ पासून लेक हिल्सची मोठी वसाहत बांधली गेली. त्या काळातली घरे अजून नांदती आहेत. पाऊस म्हणाल तर कोकणासारखा धो-धो नाही, पण ऑक्टोबर ते मे अशी रिमझिम चालू असते की ओल म्हणून हटत नाही. त्यामुळे दाराबाहेरचा दिवा, फाटकाची बिजागरी, डेकचा कठडा, काहीही बदलायला घ्या, गाठ पडते ती गंजलेल्या स्क्रूशीच. इथे कारागिराची मजुरी ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून माणूस स्वतःच पाना-पकड घेऊन शिडीवर चढतो.

स्क्रू अडकतो का? लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. स्क्रूचे आटे आणि समोरचे आटे यांच्यात केसाएवढीच फट असते. गंज तिथे फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. म्हणजे स्क्रू नुसता चिकटलेला नसतो, आतून दाबलेला असतो. म्हणूनच नुसत्या जोराने तो निघत नाही. डोके तुटते आणि दांडी आत राहते.

दोन वेगळे धातू शेजारी असले तर मामला आणखी बिघडतो. हा धडा इंग्रजांच्या आरमाराने फार महागात घेतला. लाकडी जहाजाचा तळ समुद्री किडे पोखरत, म्हणून १७६१ साली 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या जहाजाला तांब्याचा पत्रा ठोकला गेला. वेस्ट इंडीजच्या फेरीवरून जहाज परतले तेव्हा किड्यांचा त्रास नव्हता, पण लोखंडी खिळे खाऊन गेले होते. गंमत अशी, की काही ठिकाणी पत्र्याखाली गुंडाळीचा तपकिरी कागद तसाच राहिला होता आणि तिथले लोखंड शाबूत होते! खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना टेकले की छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात बळी लोखंडाचा जातो. कागदाने ही बॅटरी तोडली होती. पण हे शास्त्र कळायला हम्फ्री डेव्हीचे १८२४ सालचे प्रयोग व्हावे लागले.

कळले म्हणजे वळले असे मात्र नाही. १८८६ साली न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा राहिला. बाहेर तांब्याचा पातळ पत्रा, आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि दोहोंच्या मध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉसचे कापड. एंजिनियरांना धोका माहीत होता, पण कापड किती वर्षे टिकेल आणि ते बदलायचे कसे, याची सोय केली गेली नाही. शंभर वर्षांत कापड झिजले, पट्ट्या गंजून फुगल्या आणि त्यांनी तांब्याच्या रिव्हेटा उपटून काढल्या. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या पट्ट्या थोड्याथोड्या करून काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. दाराबाहेरच्या ॲल्युमिनियमच्या दिव्यात लोखंडी स्क्रू असला की तेच नाटक छोट्या रंगमंचावर चालते, फक्त तिथे बळी ॲल्युमिनियमचा जातो आणि त्याची पांढरी भुकटी आट्यात बसून स्क्रू आवळते.

आता स्क्रूच्या डोक्याकडे वळू. आपण ज्याला 'चार पाकळ्यांचा' म्हणतो तो फिलिप्स स्क्रू आमच्या शेजारच्या ऑरेगन राज्यातला, पोर्टलंडचा. हेन्री फिलिप्सला त्याची पेटंटे १९३६ साली मिळाली आणि जनरल मोटर्सने तो कॅडिलॅक गाड्यांत वापरला. कारखान्यात तो वरदान ठरला, कारण यंत्राचे टोक आपोआप खाचेच्या मध्यावर बसते. पण याच तिरप्या खाचेमुळे जोर वाढला की टोक वर चढून निसटते. नवा स्क्रू आवळताना याचा त्रास नाही. साठ वर्षांनी तो उलटा फिरवताना मात्र दोन वेळा निसटले की खाच गुळगुळीत, आणि मग बसा बोंबलत. कॅनडातल्या रॉबर्टसनने १९०८ च्या सुमारासच चौकोनी खाचेचा स्क्रू काढला होता, त्यात पकड पुष्कळ चांगली बसते. पण जगभर पसरला तो फिलिप्सच. स्क्रू निवडला तो बसवणाऱ्याने, उघडणाऱ्याला कोणी विचारले नाही.

मापांचेही तेच. १८४१ साली व्हिटवर्थने इंग्लंडात आट्यांना ५५ अंशांचा कोन ठरवला, १८६४ साली अमेरिकेत सेलर्सने ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेना, तेव्हा कुठे १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका मापावर आले. भारत १९५६ च्या कायद्याने मेट्रिककडे गेला, अमेरिका मात्र इंचातच राहिली. त्यामुळे भारतातून हौसेने आणलेला १३ मिलिमीटरचा पाना इथल्या अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो. बोल्ट मोकळा असेल तर निभावते. गंजलेला असेल तर ०.३ मिलिमीटरचा हा ढिलेपणा त्याचे कोपरे खाऊन टाकतो.

औषध म्हणून इथे निळी-पिवळी बाटली प्रत्येक गॅरेजमध्ये असते, डब्ल्यूडी-४०. बेलव्ह्यू शहर झाले त्याच १९५३ साली, सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तिचा जन्म झाला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणे, चाळिसावा प्रयत्न'. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ती होती, जाम स्क्रू सोडवण्यासाठी नव्हे! १९५८ साली ती फवाऱ्याच्या डब्यात दुकानांत आली. आपल्या सायकलवाल्याचे रॉकेल याच जातीचे: पातळ, म्हणून बारीक फटीत शिरते.

पण तेलापेक्षा मोठे औषध म्हणजे धीर. दिवा असेल तर आधी वीज मुख्य बटणाने बंद करा. तारेच्या ब्रशने गंज झाडा, तेल सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या, त्याने गंजाची पाचर तडकते. मग उलटा नव्हे, आधी किंचित सुलटा फिरवा. हलला की अर्धा जीव भांड्यात. न हलल्यास आजूबाजूचा भाग तापवायचा, पण तेल पूर्ण पुसल्यावरच आणि लाकडापासून दूर. खाच गेली असेल तर हॅकसॉने नवी पाडा. सगळ्यात शेवटी ड्रिल आणि उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर.

उघडण्याची सोय ठेवली तर काय होते, याचे उदाहरण बेलव्ह्यूतच आहे. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने १९०४ साली बांधलेला विल्बर्टनचा लाकडी पूल ९७५ फूट लांब आणि १०२ फूट उंच आहे. ओंडके आणि बोल्ट, बस्स. कुजलेला ओंडका बोल्ट सोडवून काढायचा आणि नवा बसवायचा, या पद्धतीने तो शंभरी ओलांडून उभा राहिला. २००७ पर्यंत त्यावरून प्रवाशांना जेवू घालणारी रेल्वेगाडी जात असे. आता तो पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या 'ईस्टरेल' मार्गाचा भाग ठरला आहे. मुंबईचा १८६८ सालचा कर्नाक पूल लोखंडाचा, म्हणजे लाकडाहून कितीतरी मजबूत. पण आयुष्य संपल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेचा २७ तासांचा ब्लॉक घेऊन तो गॅसने कापून क्रेनने उतरवावा लागला.

एंजिनियरिंगच्या शिक्षणात जोड किती भार सहन करील, हे आम्ही पानेच्या पाने गणित करून काढतो. तो उघडायला किती जोर लागेल, हे मला एकाही परीक्षेत विचारले गेले नाही. वस्तू दुरुस्त होणार की भंगारात जाणार, हे मात्र पुष्कळदा त्यावरच ठरते. तेव्हा पुढच्या वेळी अंगणातला दिवा किंवा फाटक बसवाल तेव्हा स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेसचा घ्या आणि आट्यांना बोटभर ग्रीस लावा. दोन मिनिटांचे काम आहे. वीस वर्षांनी शिडीवर जो कोणी चढेल, तो तुम्हाला शिव्या तरी देणार नाही.