पुढील स्टेशन सुप्पारक

विरार लोकलमधून नालासोपाऱ्याला उतरायचं तर वसई सुटल्यापासूनच दाराकडे सरकायला लागतं, हे तुम्हाला पाठ आहे. तरी आज उशीर होतो. मागून रेटा येतो, कुणाची तरी बॅग बरगड्यांत रुतते, तुम्ही उडी टाकता आणि फलाटाऐवजी पाय चिखलात जातात.

खाडीचा चिखल, घोट्याच्या वर. स्टेशन नाही, टॉवर नाहीत, शेअर रिक्षांची रांग नाही. समोर शिडं उतरवलेली गलबतं लागली आहेत. सुक्या मासळीचा वास तेवढा ओळखीचा. बंदराला लोक सुप्पारक म्हणतात. इसवीसनपूर्व २५६ च्या सुमाराचं साल आहे आणि दूर पाटलीपुत्राला अशोक राज्य करतो आहे.

टाक् टाक् आवाज येतो तिकडे तुम्ही जाता. काळ्या कातळासमोर एक पाथरवट उकिडवा बसलाय. छिन्नीचे चार-पाच घाव, मग वाकून एक फुंकर. करडी भुकटी उडते आणि खाचेत फिका, ताजा दगड दिसतो. एक अक्षर झालं. ब्राह्मी लिपी त्या मानाने सोपी, सरळ रेघा जास्त, पण बेसाल्ट तो बेसाल्टच. एका ओळीला त्याचा किती घाम जातो ते त्याच्या पाठीवर दिसतं.

शेजारी राजाचा माणूस जमलेल्यांना मजकूर वाचून दाखवतोय. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तेव्हा शिकार आणि तसल्याच करमणुकी चालत. या राजाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधिवृक्ष गाठला आणि तेव्हापासून तो धम्मयात्रेला निघतो. साधूंना, म्हाताऱ्यांना, गावोगावच्या लोकांना भेटतो, दान देतो, बोलतो. यातच त्याला जास्त आनंद वाटतो.

हा अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठवा लेख. नववा मंगलविधींबद्दल आहे. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास, प्रत्येक वेळी माणसं काही ना काही विधी करतात. बायका तर नको तेवढे, असा टोमणा त्यात आहे. (सम्राट झाला तरी ही खोड जात नाही.) त्यापेक्षा नोकराचाकरांशी नीट वागा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, मुक्या जिवांशी संयमाने वागा, हेच खरं मंगल, असं तो म्हणतो.

गर्दीच्या कडेला एक जण उभा आहे. खांद्यावर फासे, काठीला उलटे टांगलेले दोन तितर. एकाची मान अजून हलतेय. तो सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "राजाने शिकार सोडली, बरं झालं. आम्ही काय खायचं?"

राजाचा माणूस पुढची ओळ वाचतो.

मला अशोक आवडतो तो त्याच्या हिशेबीपणामुळे. चौदा लेखांच्या संचातल्या पहिल्याच लेखात तो आपलं स्वयंपाकघर उघडं करतो. आधी रोज लाखांच्या घरात प्राणी मारले जात. आता तीनच, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही थांबेल. फासेवाल्याच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, पण राजाने सुरुवात आपल्या ताटापासून केली आहे.

फासेवाल्याच्या मागे जावं म्हणून तुम्ही वळता आणि विटांच्या ढिगाला ठेच लागते.

एप्रिल १८८२, ईस्टरची सुट्टी. बुरुड राजाचा कोट म्हणून गावकरी ज्याला ओळखतात ते टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी खणतायत. पोटातून दगडी करंडा निघतो आणि त्यात एकात एक धातूंच्या, स्फटिकाच्या डब्या. सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेलेली खापरं. बघ्यांची झुंबड तिथेच आहे. पण याच साली सोपाऱ्यातल्या तळ्याकाठी पंडितजींच्या हाती एक फुटका काळा दगड लागतो, आणि तुम्हाला तो पाहायचाय. त्यावरचा मजकूर त्यांना परका नाही. ते जुनागढचे, गिरनारच्या पायथ्याची अशोकाची शिळा पाहत वाढलेले. तुटक्या ओळींतून ते आठवा लेख ओळखतात. शिकार सोडल्याचा.

हातातून निसटला तर पायावर पडेल असा हा दगड. पाथरवटाची भुकटी केव्हाच धुऊन गेली आहे, खाचा मात्र बोटाला लागतात. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला मिळेल, तो थेट १९५६ साली. संच चौदा लेखांचा. वसई तालुक्याने त्यातले नेमके हे दोन जपले, एक शिकार सोडल्याचा, एक प्राण्यांशी संयमाचा. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

कारण त्याच १८८२ मध्ये सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस देतंय. पुढच्या वर्षी मुंबईत आठ जण जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढतात. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्यातले आपले दोघे. सोसायटीच्या नियतकालिकाची सुरुवातीची वर्षं चाळा, शिकारीच्या हकिगती ठायी ठायी. प्राणी वाचवायला निघालेल्यांत बंदूकवाले बरेच होते, आणि जंगल त्यांनाच ठाऊक होतं.

इथून पुढे भराभर चला. १९७२ चा वन्यजीव कायदा, २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. नकाशावर ते संजय गांधी उद्यान आणि तानसा यांना जोडणारी कडी आहे.

२००९ चा उन्हाळा, रात्र. तुम्ही तुंगारेश्वरच्या उतारावर, पाड्याबाहेरच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी. हा वाघोबा. वारली माणसाच्या बोलण्यात बिबट्याही वाघच. वाघबारशीला त्याला नैवेद्य असतो आणि गुरं राखण्याचं मागणं. पाचोळा वाजत नाही, पण समोरून तो जातो. गळ्यात जाड पट्टा.

हा आजोबा. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. वयस्क आणि शांत, म्हणून हे नाव. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने जीपीएस पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडलं. सोडलेला बिबट्या करतो काय, हे त्यांना पाहायचं होतं. २००१ ते २००३ मध्ये जुन्नरला बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडले होते, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते. आजोबाने पट्ट्यातून उत्तर पाठवलं. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याला रूळ ओलांडले, तुंगारेश्वर, वसईच्या कारखान्यांचा पट्टा, आणि आता खाडी.

तुम्ही तिवरांत बसून बघता. भरतीचं पाणी. पलीकडे घोडबंदरच्या बाजूला ट्रकचे दिवे सरकतायत. तो काठावर थांबतो, पुढचा एक पंजा चिखलातून उचलून झटकतो, मांजर झटकतं तसा, आणि पाण्यात शिरतो. मग नुसतं डोकं दिसतं, मग तेही नाही. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून तो बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात पोचेल. वाटेत माणसाच्या अंगाला हात लावल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एक बिबट्या गाडीखाली मेलेला सापडेल. कातडीखालच्या चिपवरून कळेल, हाच तो.

आणखी एक पाऊल. एप्रिल २०२४, वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतला तो, ताडामाडांत आणि झुडपांत बुडालेला. मार्चच्या अखेरीपासून आत बिबट्या आहे. महामार्ग, लोहमार्ग आणि लाखोंची वस्ती पार करून तो समुद्राच्या तोंडाशी आला कसा, यावर नाक्यानाक्यावर पैजा लागल्यात. भाईंदरच्या नव्या रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्या रद्द. वनखात्याने कॅमेरे लावलेत, पिंजरे मांडलेत. किल्ल्यातल्या भटक्या कुत्र्यांवर त्याचं बरं चाललं असावं. शहराकाठच्या बिबट्यांचं बरंचसं पोट कुत्र्यांवरच भरतं. २५ दिवस तो पिंजऱ्याला बधत नाही.

२३ एप्रिलच्या पहाटे दार पडतं.

उजाडायच्या आत पाचूबंदरकडची चार माणसं जमली आहेत. पिंजऱ्यावर हिरवं कापड, आतून गुरगुर नाही, फक्त श्वास. कापड एका जागी आतबाहेर होतंय. मासळीची पाटी घेऊन निघालेली एक बाई थांबते.

"ओ दादा, याला सोडणार कुठे?"

"जंगलात, मावशी."

"कुठल्या?"

वनरक्षक कापडाची गाठ आवळत राहतो. तिला उत्तराची घाई नाही, धक्क्यावरची वेळ गाठायची आहे. पाटी डोक्यावर घेता घेता ती म्हणते, "तो पण वाटेनंच आला असल. वाट अजून तिथंच हाय ना?"

तुमच्या चपलेला सुप्पारकचा चिखल अजून ओला आहे. ६ वाजून गेलेत. रो-रोचा भोंगा होतो आणि लोक धक्क्याकडे चालू लागतात.