दोन दाखले, एक ड्रॉपडाऊन

मागच्या महिन्यात लाँग वीकेंडला अकोल्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामानं एक प्लास्टिकची फाईल समोर ठेवली. आत माझ्या मामेभावाचे दोन दाखले. 2008 सालच्या दाखल्यावर लिहिलंय 'मतिमंद', 2019 सालच्या दाखल्यावर 'ऑटिझम', म्हणजे आपल्याकडे ज्याला स्वमग्नता म्हणतात ते. पोरगा तोच. तेव्हाही दारातल्या सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावायचा, आजही लावतो. आता पंचविशीचा आहे.

मामा म्हणाला, "आमच्या मांगं याचा पालक म्हणून तुह्यं नाव टाकू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार-रविवार वाचत बसलो. आपल्या धंद्यातली सवय, बग दिसला की आधी हिस्टरी बघायची. आणि हा बग ओळखीचा वाटला. टेबलमध्ये जी व्हॅल्यू नाही ती ड्रॉपडाऊनमध्ये येत नाही, मग माणूस त्यातल्या त्यात जवळची कुठलीतरी निवडतो आणि पुढे जातो.

ही व्हॅल्यू जगात आली 1943 मध्ये. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरनं 11 मुलांवर एक निबंध लिहिला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. 1937 मध्ये, जेमतेम तीन-चार वर्षांचा असताना, आईबापांनी सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं. साधारण वर्षभरानं त्यांनी त्याला परत घरी आणलं. वडील वकील होते. त्यांनी कॅनरला मुलाबद्दल 33 पानी पत्र लिहिलं, आणि निबंधातलं पुष्कळसं त्या पत्रातून आलंय. पुढे डोनाल्ड गावातच शाळा शिकला, कॉलेजला गेला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. गावानं त्याला 'आपला डोनाल्ड' म्हणून सांभाळून घेतलं. (बँक त्याच्या आजोळच्या लोकांची होती, हेही सांगायला हवं. सगळ्यांच्या आजोबांची बँक नसते.)

त्याच निबंधाचं दुसरं टोक मात्र वाईट निघालं. या मुलांचे आईबाप थंड, पुस्तकी असतात असं निरीक्षण कॅनरनं नोंदवलं होतं. त्याचं पुढे कारणच करून टाकलं गेलं. 1967 मध्ये ब्रुनो बेटलहाइमचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं आणि आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं हे मत घराघरात पोचलं. 1977 मध्ये फोल्स्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 मध्ये दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही नाही. म्हणजे गोष्ट जन्मतःची, संगोपनाची नाही. आमच्याकडे 2005 च्या सुमारास नातेवाईक मामीला काय म्हणत होते? "नोकरी करते नं बाई, पोराकडे लक्ष कोन देईन?" मामी झेडपीच्या शाळेत शिकवायची. बेटलहाइमचं नावसुद्धा न ऐकता अख्खं अकोला बेटलहाइम झालं होतं!

आता आपलं ड्रॉपडाऊन. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, बहिरेपणा, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व, मानसिक आजार. ऑटिझम नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तो कायदा मुख्यतः सांभाळ आणि पालकत्वाचा, त्यानं 1995 ची यादी बदलली नाही. म्हणून सवलती हव्या असतील तर बुद्ध्यांक काढून 'मतिमंद'. जो मुलगा समोर बसतच नाही, बोलतच नाही, त्याचा बुद्ध्यांक किती येणार? 2009 मध्ये भारतीय मोजपट्टी तयार झाली, इसा नावाची. 40 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5 गुण. मूल परीक्षेला बसण्याची गरज नाही, त्याला बघायचं आणि आईबापांना विचारायचं. शेवटी 2016 चा कायदा आला, 19 एप्रिल 2017 ला लागू झाला, सातचे एकवीस प्रकार झाले आणि त्यात ऑटिझम. कॅनरपासून मोजलं तर 73 वर्षं. मधल्या काळात एका शाळेनं मामेभावाला दोन महिन्यांत घरी पाठवलं होतं.

यादी नसताना लोक काय करत होते? आपल्याच वऱ्हाडात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली मुलं गोळा केली. गाडगेबाबांना मानणारा माणूस. संस्थेचं नाव 'अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृह'. तेव्हा जे शब्द हाताशी होते तेच पाटीवर आले. पण बाबांनी शब्दांपाशी थांबणं नाकारलं. मुलांच्या कागदांवर बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. कायद्यानं बालगृह 18 व्या वर्षापर्यंतच. त्यांचा प्रश्न सरळ होता, 18 झाल्यावर हे जातील कुठे? मुलांना बाहेर काढलं नाही, आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा म्हणून भांडत राहिले, काहींची लग्नंही लावली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तज्ज्ञ मोठ्या शहरात आणि मुलं सगळीकडे, हा प्रश्न तरी उरतोच. त्यावर 2013 मध्ये गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग झाला. 65 मुलं. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना त्यांच्याच खेळण्याचा व्हिडिओ दाखवत शिकवलं. मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. अकोल्यात आशाताई आहेत, अंगणवाडी आहे, मोबाईल तर सगळ्यांकडेच आहे. हे वाचून चुटपुट लागली. मामेभाऊ लहान होता तेव्हा हे काहीच नव्हतं.

असो. तर मामाच्या फाईलकडे येतो. मूल 18 चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मामानं सात वर्षं तो केलेला नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी रात्री फोन केला. म्हटलं, आधी तुझं आणि मामीचं नाव टाक, पुढचं म्हणून माझं लिहून ठेव. मामीनं फोन घेतला. "तू पुण्यात, हा इथं. याले पुण्यात करमन का?" मी म्हटलं, दिवाळीत येतो तेव्हा आठ दिवस त्याला घेऊन जातो, बघू. चपला ठेवायला फ्लॅटमध्ये जागा करावी लागेल.