गाडीचा आवाज आणि हूकचा सांधा

पावसाळा सरता सरता वसई-विरारच्या महामार्गालगतच्या गॅरेजांत जुन्या फोर-व्हील जीप आणि पिकअप उभ्या दिसतात. मालकाची तक्रार एका वाक्याची असते : "खालून आवाज येतो." खालून म्हणजे कुठून? गिअरबॉक्स, तिला जोडलेला ट्रान्सफर केस, तिथून पुढे व मागे जाणारे दोन प्रोपेलर शाफ्ट, त्यांच्या टोकांचे चार क्रॉस, दोन डिफरन्शिअल, चाकांची बेअरिंगे... यांतले काहीही वाजू शकते. क्रॉस थोडक्या पैशांत बदलून मिळतो. गिअरबॉक्स उतरवायची, तर ज्याचे पोट या गाडीवर आहे त्याचे दिवसच्या दिवस बुडतात. म्हणून न खोलता ओळखण्याला किंमत आहे. या ओळखीची एक किल्ली साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका उपकरणात सापडते. गंमत अशी, की ते उपकरण सूर्यघड्याळासाठी होते.

स्थितिस्थापकतेच्या नियमामुळे रॉबर्ट हूक आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. सूर्य पाहण्याच्या व इतर काही उपकरणांवरचे त्याचे पुस्तक १६७६ साली निघाले. त्यात कोनात असलेल्या दोन दांड्यांना जोडणारा एक सांधा आहे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला दुबोटी चिमटा आणि दोन्ही चिमट्यांच्या मध्ये अधिक चिन्हासारखा तुकडा. हाच गॅरेजमधला 'क्रॉस'. कल्पना अगदीच नवी नव्हती. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव युरोपात आजही या सांध्याला लावतात. पण हूकने एक बारकावा हेरला. पहिला दांडा एकसमान गतीने फिरवला, तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो.

हूकला यात दोष वाटला नाही. त्याला हेच हवे होते. सूर्य आकाशात जवळजवळ एकसमान गतीने फिरतो, पण आडव्या तबकडीवर सावली कमीजास्त वेगाने सरकते. हा सावलीचा नियम आणि सांध्याचा नियम गणिताने एकच आहेत. एक दांडा पृथ्वीच्या अक्षाला समांतर व दुसरा उभा धरला, की त्यांच्यातला कोन ९० वजा अक्षांश इतका होतो. लंडनसाठी तो सुमारे साडेअडतीस अंश येतो, आणि सांधा तासांच्या रेघा आखून देतो. वसईचा अक्षांश सुमारे १९.४ अंश; इथे कोन सत्तरच्या वर जातो. इतका हा सांधा वाकवणे कठीण!

मोटारीत आल्यावर मात्र हा गुणच अवगुण ठरला. सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींची मागची चाके साखळीने फिरत. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ साली या सांध्याच्या सुधारित रूपाचे पेटंट घेतले आणि साखळीची जागा हळूहळू शाफ्टने घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला पुढची चाकेही फिरवायची होती, म्हणून शाफ्ट दोन झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपचे सुटे भाग मुंबईत आणून महिंद्र कंपनी त्या जुळवू लागली. तीच मूळ रचना पुढच्या फोर-व्हील गाड्यांत टिकली.

आता थोडे गणित. सीजे-३बी या जीपच्या डिफरन्शिअलमध्ये पिनियनला ८ आणि क्राउनला ४३ दाते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे ५.३८ फेरे. चाकाचा परीघ सव्वादोन मीटर धरू. ताशी ४० कि.मी. वेगाला चाक सेकंदाला सुमारे ५ वेळा फिरते, शाफ्ट २७ वेळा, क्रॉसचा हिसका दुप्पट म्हणजे ५४ वेळा, आणि दात्यांचा सूर २१५ कंपनांचा. धपधप, घरघर आणि सूर असे तीन वेगळे आवाज एकाच वेगातून निघतात. माणसाच्या चालीने गाडी चालवली तर मोजताही येते : चाकाच्या एका फेऱ्यात एकच 'टक्' आली तर चाकाकडे पाहावे, पाचाहून जास्त चिवचिवाट आला तर कोरडा क्रॉस. अॅक्सिलरेटर सोडताच सूर बदलला, तर संशय क्राउन-पिनियनवर. वळणावर बदलला, तर चाकाच्या बेअरिंगवर.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो तो याचसाठी. पहिल्याने केलेली चढउतार दुसरा पुसतो. हूकला हा दुहेरी सांधाही माहीत होता. अटी दोन : दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत हवेत. शाफ्ट दातेरी सरकत्या जोडाने दोन तुकड्यांचा केलेला असतो. खोलून परत बसवताना एखादा दाता जरी इकडेतिकडे झाला, तरी दुसरा क्रॉस पहिल्याची चूक पुरती पुसू शकत नाही. पाव फेऱ्याने चुकला, तर चूक दुप्पट होते. यासाठी शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, पण चिखलाखाली त्या कोण पाहतो? नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि आळ गिअरबॉक्सवर येतो. कोनही महत्त्वाचा. १० अंशांत वेग दीड टक्क्याने हलतो, ३० अंशांत १३ ते १५ टक्क्यांनी.

वसईत पाण्याचा प्रश्न वेगळाच. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत इथले रस्ते बुडाले आणि लोकल बंद पडल्या होत्या. अशा पाण्यात तापलेले डिफरन्शिअल शिरले, की आतली हवा थंड होऊन आकसते. ७० अंश सेल्सिअसवरून ३० वर येताना ती सुमारे १२ टक्क्यांनी घटते. श्वासाचे छिद्र चिखलाने बुजले असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंग गंजते आणि आवाज काही आठवड्यांनी सुरू होतो.

एक आवाज मात्र बिघाडाचा नसतो. पाणी ओलांडून डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हीलचा लिव्हर तसाच राहिला, तर वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. शाफ्ट मात्र एकमेकांना बांधलेले. ताण साठत जातो, टायर घासतात, खालून कडकड येते आणि लिव्हर ओढूनही निघत नाही. गाडी सरळ थोडी मागे घेतली की ताण उतरतो आणि लिव्हर सुटतो.