संवेदनशील चाचणी, उतावळे निदान

पनवेलमध्ये आज कोणत्याही लॅबच्या रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) ५.८ असा ठळक छापून आला, की ‘थायरॉइड निघाला’ असे घरच्या घरी ठरते. या समजुतीमागचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही: जुन्या चाचण्या बोथट होत्या, आताच्या कमालीच्या संवेदनशील आहेत, म्हणून त्यांनी दाखवलेला थोडासा फरकही आजारच मानावा.

यातला पूर्वार्ध बिनतोड आहे. यॅलो आणि बर्सन या संशोधकांच्या रेडिओइम्युनोॲसे या किरणोत्सारी खुणेच्या पद्धतीवर आधारलेल्या सुरुवातीच्या चाचण्यांना लिटरमागे सुमारे १ मिलियुनिटच्या खालचा टीएसएच नीट मोजता येत नसे. निरोगी माणसाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४. त्यामुळे अतिक्रियाशील थायरॉइडने दाबलेला टीएसएच आणि निरोगी माणसाचा कमी टीएसएच यांत भेद करता येईना. टीएसएच स्रवायला लावणाऱ्या टीआरएच या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घ्यावे लागे. पुढे संप्रेरकाला दोन प्रतिपिंडांच्या चिमटीत धरणारी पद्धत आली आणि मोजमापाची तळरेषा आधी ०.१, मग ०.०१ पर्यंत उतरली. पनवेलजवळच्या वाशीतील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आयोडीन-१२५ वापरणारी अशी किट पुरवत आली आहे.

उत्तरार्ध मात्र टिकत नाही. ही सारी कमाई तळाकडची आहे, ५.८ जुन्या चाचणीलाही दिसतच होता. शिवाय मोजमाप अचूक असले, तरी मोजली जाणारी गोष्ट स्थिर नसते. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना काही काळ वाढतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही यंत्रांवर तो खोटाच कमी दिसतो.

आकडा खरोखर वाढलेला असला, तरी गोळीने फायदा होतोच असे नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या औषध-चाचणीत टीएसएच ४.६ ते १९.९९ आणि फ्री टी-फोर (रक्तातील मुक्त थायरॉक्सिन) प्राकृत असलेल्या, वयाची पासष्टी गाठलेल्या ७३७ जणांना थायरॉक्सिन किंवा औषधविरहित गोळी दिली. वर्षभराने दोन्ही गटांच्या लक्षणांत लक्षणीय फरक नव्हता.

मग चाचणीच नको, असे कोणी म्हणेल. तसे नाही. गर्भवती आणि नवजात बाळ यांच्या बाबतीत दिरंगाई महागात पडते. तिथे लगेच डॉक्टर गाठावा. इतर प्रौढांत आकडा थोडाच वाढलेला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, फ्री टी-फोरसह तपासणी पुन्हा करावी. संप्रेरक किती आहे, एवढेच यंत्र सांगते. गोळी लागेल का, हे रुग्णाला तपासूनच ठरते.