आगबोटीतला गारवा

समुद्रपर्यटनाला, म्हणजे आजच्या भाषेत क्रूझला, निघालेल्या माणसाला आधी जाऊन आलेली मंडळी एक सल्ला हमखास देतात : "शाल घ्या हो बरोबर. आत फार गारठा असतो." ऐकणाऱ्याला नवल वाटतं. भर मे महिन्यात, अरबी समुद्रात, आणि शाल? पण सल्ला खरा असतो. डेकवर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो. २०२१ साली मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ सुरू झाली, तेव्हापासून हा अनुभव मराठी घरांतही बऱ्याच जणांच्या परिचयाचा झाला आहे.

मला मात्र या शालीवरून एक जुना शब्द आठवतो. वाफेवर चालणाऱ्या जहाजाला इंग्रजानं वाफेवरून नाव दिलं. आपल्या लोकांनी नाव दिलं 'आगबोट'. इंग्रजाला वाफ दिसली, आपल्याला त्या वाफेखालची आग दिसली. पोटात आग घेऊन निघालेल्या या बोटीत गारवा आला कसा, कुणासाठी आला आणि त्याची किंमत कुणी मोजली, ही गोष्ट आज थोडक्यात सांगायची आहे.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला आणि मुंबई विलायतेच्या खूपच जवळ आली. बोट मुंबईहून एडनला जाई, तिथून तांबड्या समुद्रातून सुएझ, मग पोर्ट सैद आणि पुढे युरोप. या साऱ्या वाटेत प्रवासी धास्ती घेत ती तांबड्या समुद्राची. हा समुद्र अरुंद, लांबट. दोन्ही तीरांवर वाळवंट. उन्हाळ्यात त्याचं पाणीच ३० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. अशा पाण्यात बसलेली लोखंडी बोट रात्रीसुद्धा निवत नसे.

त्यात वाऱ्याची गंमत अशी की, उन्हाळ्यात तांबड्या समुद्रावर वारा वाहतो तो वायव्येकडून. विलायतेहून मुंबईला येणारी बोट दक्षिणेकडे निघालेली असे, म्हणजे वारा तिच्या पाठीमागून. बोटीचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखा झाला की डेकवर झुळूक म्हणून लागत नसे. धुरांड्यातला धूर सरळ वर चढून डोक्यावर छत्रासारखा उभा राही. अशा वेळी प्रवाशांचा जीव कासावीस झाला, तर कप्तान बोटीचं तोंड फिरवून थोडा वेळ उलट वाऱ्यावर चालवत असे, कशासाठी, तर केबिनींमध्ये चार श्वास हवा शिरावी म्हणून.

केबिन कोणत्या बाजूची मिळते यालाही मोठं महत्त्व होतं. पूर्वेकडे येणाऱ्या बोटीच्या उजव्या अंगाला दुपारचं पश्चिमेचं ऊन बसे, म्हणून डावी बाजू बरी. परतीच्या वाटेवर हिशेब उलटा. यावरूनच इंग्रजीतला 'पॉश' हा शब्द निघाला, श्रीमंतांच्या तिकिटांवर त्या चार अक्षरांचा शिक्का असे, अशी एक कथा सांगतात. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही, आणि शब्दकोशकार ही कथा मानत नाहीत. शब्दाची गोष्ट खोटी असली तरी उन्हाची गोष्ट खरी आहे. ज्याच्याजवळ पैसा, त्याला सावलीची बाजू.

यंत्रानं हवा गार करणं तेव्हा ठाऊक नव्हतं, पण युक्त्या पुष्कळ होत्या. शिडाच्या कापडाची लांब नळी उभारत. तिचं तोंड वाऱ्याकडे आणि शेपूट खालच्या मजल्यावर. केबिनच्या गोल खिडकीत पत्र्याचं सूप बसवत, ते बाहेरचा वारा अडवून आत लोटी. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळला की खिडक्या बंद, आणि मग आत नुसती भट्टी. जेवणाच्या दालनात छताला झालरीचे पंखे टांगलेले असत आणि दोरी ओढायला पोरं बसवलेली असत. रात्री गाद्या डेकवर येत. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि पहाटे डेक धुवायला खलाशी आले की सगळ्यांची धांदल.

पुढे विजेचे पंखे आले. मग ग्लासगोच्या थर्मोटँक कंपनीनं केबिनीत नळांतून हवा सोडायची सोय केली. त्या नळाच्या टोकाला फिरवता येणारं एक गोल तोंड बसवलेलं असे. आज आपण विमानात किंवा आरामबसमध्ये डोक्यावरची जी गोल तोटी फिरवतो, ती त्याचीच नात. तिचं इंग्रजी नाव आहे 'पंखा लूव्हर'. पंखा ओढणारी पोरं बोटीवरून गेली, त्यांचा शब्द तेवढा राहिला.

आता सामानाकडे वळू. या एकाच प्रवासात माणसाला दोन हवामानं काढायची असत, म्हणून ट्रंकांवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावत. एक चिठ्ठी केबिनमध्ये न्यायच्या सामानाची, दुसरी 'प्रवासात लागेल' अशी, तिसरी 'प्रवासात लागणार नाही' अशी. तिसरी पेटी तळाच्या कोठारात जाई, ती थेट मुक्कामालाच उघडायची. दुसरी पेटी ठरलेल्या वेळी सामानाच्या खोलीत जाऊन उघडता येई. विलायतेहून येणारे साहेबलोक पोर्ट सैदला उतरून सायमन आर्ट्झच्या दुकानात सोला टोपी विकत घेत. सुएझ मागं पडलं की अधिकाऱ्यांचे निळे गणवेश जाऊन पांढरे येत. बोट कुठं पोहोचली हे नकाशा न पाहता कपड्यांवरून कळावं, अशी ही रीत होती.

ही रीत ठाऊक नसलेल्या नव्या प्रवाशाची काय फजिती होई, ते गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं निघाले, तेव्हा वय एकोणीसही पुरं नव्हतं. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. म्हणजे उकाड्याच्या समुद्रात काळे कपडे आणि थंड मुलखात पांढरे! सप्टेंबरच्या अखेरीस विलायतेच्या बंदरावर उतरले, तो पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. बाकीचं सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात दिलेलं, आणि दुसरा दिवस रविवार, म्हणजे सामान मिळायचं नाही. पांढऱ्या सुटाचा हा संकोच त्यांना चांगलाच जाचला.

त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, हाच प्रवासी गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीनं निघाला. तिकीट दुसऱ्या वर्गाचं, पण पथारी उघड्या डेकवर. बरोबरच्या मंडळींनी भीतीपोटी ट्रंकाच ट्रंका भरून घेतल्या होत्या. गांधीजींनी त्यांची झाडाझडती घेतली आणि गरजेबाहेरचं सामान एडनहून मुंबईला परत धाडायला लावलं. हवा कशी सोसायची हे ठरलेलं असलं की सामान कमी लागतं.

याच तांबड्या समुद्रातून आणखी एक वाट जात होती, हजची. मुंबईहून जिद्दाला जाणाऱ्या बोटींत बहुसंख्य यात्रेकरू खालच्या मजल्यावर दाटीनं बसलेले असत. केबिन नाही, पंख्याची पोरं नाहीत. जिद्दा जवळ आलं, यलमलमची सीमा आली की पुरुष अंगावरचे शिवलेले कपडे उतरवून एहराम बांधत, दोन पांढऱ्या, बिनशिवणीच्या चादरी. ते धर्माचं विधान होतं, सोयीचं नव्हतं. तरी मनात येतं, त्या उकाड्यात पहिल्या वर्गातले लोक काळा कोट घालून रात्रीच्या जेवणाला बसत, तेव्हा त्याच समुद्रात सर्वांत शहाणा पोशाख या गरीब यात्रेकरूंच्या अंगावर होता. मुंबईहून हजची शेवटची बोट १९९५ साली गेली. त्यानंतर ती वाट विमानांची झाली.

पण बोटीच्या उष्णतेचा खरा हिशेब डेकवर लागत नाही, त्यासाठी तळाशी उतरावं लागतं. आमच्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत 'तो बोटीवर आहे' एवढं म्हटलं की पुरे होई. कुठल्या बोटीवर, हे कुणी विचारत नसे. पी अँड ओ कंपनीच्या मुंबईच्या बोटींवर डेकची कामं कोकणातले मुसलमान आणि गुजरातचे खारवे करत. जेवणघर आणि केबिनी गोव्याच्या ख्रिस्ती माणसांकडे. भट्टीपाशी पंजाबचे आणि सरहद्दीकडचे लोक. कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेटचे. सारंग, तांडेल, तेलवाला, कोलवाला असे त्यांचे हुद्दे. भट्टीत कोळसा घालणाऱ्याचं नाव होतं 'आगवाला'.

कोलवाला कोठारातून कोळसा ढकलगाडीनं आणून टाकी, आगवाला तो फावड्यानं भट्टीत फेकी, लोखंडी सळईनं आग विंचरी, राख ओढून काढी. चार तासांची पाळी, आठ तास सुटका, पुन्हा चार तास. तांबड्या समुद्रात त्या जागेचं तापमान ५० अंशांच्या वर जाई. उष्माघातानं माणसं कोसळत आणि मेलेल्याला समुद्रातच सोडत. काही जण उष्म्यानं वेडेपिसे होऊन वर धावत येत आणि कठड्यावरून उडी टाकत. १९१४ साली ब्रिटिश जहाजांवर सुमारे ५१ हजार हिंदी खलाशी होते. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. झोपायची जागासुद्धा कायद्यानं कमी. १९०६ च्या कायद्यानं गोऱ्या खलाशाला १२० घनफूट जागा ठरवली. हिंदी खलाशाला ती लागू केली नाही. पूर्वेकडच्या माणसाला उकाडा मानवतो, असं कारण सांगत. पंजाबात आणि सरहद्दीवर हिवाळ्यात पाणी गोठतं, याची आठवण कुणाला झाली नाही.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. हिंदी खलाशांच्या करारात एक कलम असे : हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अक्षांशाच्या उत्तरेला त्यांना न्यायचं नाही. कारण थंडी. वरवर पाहता ही दयाच. पण स्वस्त मजुरीचे हिंदी खलाशी नकोत, असा गोऱ्या खलाशांच्या संघटनांचा आग्रहही त्यामागे होता. म्हणजे ५० अंशांवर काम करायला हा माणूस योग्य, आणि न्यूयॉर्कच्या थंडीत मात्र अयोग्य! त्याला काय सोसेल हे ठरवणारे दुसरेच होते.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाची जागा हळूहळू तेलानं घेतली. फावडं गेलं, आगवाला गेला. त्याच सुमारास गारवाही यंत्रातून येऊ लागला. इटलीच्या लॉईड ट्रिएस्टिनो कंपनीची १९३१ सालची 'व्हिक्टोरिया' ही पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात यंत्रानं हवा गार करणाऱ्या अगदी पहिल्या बोटींपैकी एक. ती पुढे मुंबईलाही येत असे. १९३५ साली फ्रान्सच्या 'नॉर्मंडी'वर तशीच सोय झाली, तीही पहिल्या वर्गाच्या भोजनगृहातच. सगळ्या वर्गांच्या केबिनींपर्यंत गारवा पोहोचायला आणखी बरीच वर्षं लागली. १९६१ सालची 'कॅनबेरा' ही पी अँड ओची बोट संपूर्ण वातानुकूलित होती. तेव्हा कुठं डावी-उजवी बाजू हा प्रश्न मिटला.

मग आज एवढा गारठा का? यंत्र नुसती हवा थंड करत नाही, तिच्यातलं पाणीही काढतं. समुद्रावरची हवा ओलीचिंब. तिच्यातला दमटपणा जायचा तर ती आधी पुष्कळ थंड करावी लागते. दमटपणा राहिला की भिंतींना घाम फुटतो, गालिच्याला बुरशी येते. शिवाय बसलेला माणूस शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो. हजार माणसांच्या नाट्यगृहाचं यंत्र हजार माणसांच्या हिशेबानं बसवलेलं असतं. तिथं दोनशेच माणसं बसली की हुडहुडी भरणारच. जहाजांच्या वातानुकूलनाचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की बाहेर ३५ अंश असताना आत २७ अंश राखता यावेत. क्रूझवरची दालनं सहसा त्याहून चार-पाच अंशांनी गार ठेवतात. केबिनमधली कळ फिरवली तरी फरक थोडाच पडतो, आणि बाल्कनीचं दार उघडं टाकलं तर बाहेरचा दमटपणा आत येऊन सारंच बिघडतं.

म्हणून सामान बांधताना आपल्या जुन्या चिठ्ठ्याच आठवाव्यात. डेकसाठी सुती, सैल कपडे आणि टोपी. आतल्या दालनांसाठी शाल किंवा पातळ स्वेटर, पूर्ण बाह्यांचा एक सदरा आणि झोपताना पायमोजे. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांच्यासाठी एक उबदार कपडा जास्त. मोठी बॅग बंदरावर दिली की केबिनीत यायला काही तास लागतात. तेव्हा औषधं, चष्मा आणि ती शाल हातातल्या पिशवीत, म्हणजे 'प्रवासात लागेल' या चिठ्ठीखाली. इस्त्री नेऊ नये. आगीच्या भीतीनं ती बोटीवर बहुधा चालत नाही. एवढं झालं की ट्रंकांची गरज नाही.

आगबोट हा शब्द आता बोलण्यातून गेला. आग मात्र बोटीतून गेलेली नाही. नाट्यगृहात आपण शाल पांघरून बसतो तेव्हा खाली इंजिनं धगधगत असतात, त्यांच्याच विजेवर तो गारवा तयार होतो. मुदपाकखान्यात, कपडे धुण्याच्या खोलीत, इंजिनापाशी घामानं निथळणारी माणसं आजही असतात, आणि त्यांत कोकणातली, गोव्यातलीही असतात. त्यांचा काळ पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे; कायदे आहेत, विश्रांतीचे तास ठरलेले आहेत. तरी कुणी भेटलं, तर नाव-गाव विचारावं. 'तो बोटीवर आहे' असं म्हणत घरी त्याची वाट पाहणारं कुणीतरी असतंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)